खाडीवरचा उजेड आणि त्याच्या प्रती

पूर्व द्रुतगती महामार्गावरून मिठागरांच्या बाजूला वळणारा एक रस्ता भांडुप उदंचन केंद्राकडे जातो. पक्षिनिरीक्षक आणि कॅमेरावाले या जागेला 'पंपिंग स्टेशन' किंवा नुसते 'बीपीएस' म्हणतात. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत सुटीच्या दिवशी पहाटे इथे लांबलचक लेन्सा घेतलेली माणसे जमतात. कारण सर्वांना ठाऊक आहे. ठाणे खाडीत दरवर्षी हजारोंच्या संख्येने उतरणारे रोहित पक्षी, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, ते इथून पाहायला मिळतात. २०१५ साली खाडीच्या १,६९० हेक्टर पट्ट्याला रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. तेव्हापासून तर एका हंगामात या किनाऱ्यावर किती फोटो निघत असतील याचा अंदाज करणेही अवघड आहे.

इतके फोटो निघतात, त्यांतले काही भिंतीवर लागतात, काही स्पर्धांत बक्षिसे घेतात, पुष्कळसे फोनवरून फोनवर फिरतात. त्यांची समीक्षा झालीच तर ती चौकटीची, क्षणाची, संयमाची होते. फोटो ज्या फायलीत राहतो त्या फायलीची समीक्षा कोणी करत नाही. ते काम दुरुस्तीवाल्याचे समजले जाते. या लेखात ते समीक्षेचे काम मानले आहे. ज्या समाजाने ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ओळीला ओळ लावून तपासल्या, त्याला प्रतीचा प्रश्न परका वाटू नये. खाडीवरच्या एचडीआर फोटोंचे आज जे होते आहे, तो प्रश्न मुळात प्रतीचाच आहे.

पूर्वेकडे तोंड

भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर आहे. पलीकडे ऐरोली. म्हणजे सकाळी या काठावर उभे राहून खाडीकडे पाहणाऱ्याच्या तोंडावर सूर्य असतो. पक्षी आणि कॅमेरा यांच्यामध्ये पाणी, पाण्यावर सूर्याची चकाकी, कडेला तिवरांची गर्द सावली आणि मागे मिठागरांचे पांढरे चौकोन. प्रकाशाच्या दृष्टीने याहून अडचणीची जागा शोधून सापडणार नाही.

अडचण मोजता येते. छायाचित्रणात उजेड दुप्पट झाला की एक 'स्टॉप' वाढला असे म्हणतात. दहा स्टॉप म्हणजे सुमारे हजारपट, चौदा स्टॉप म्हणजे सोळा हजार पटींहून जास्त. आजचे चांगले कॅमेरे एका वेळी सुमारे चौदा स्टॉपचा पल्ला टिपतात. तिवराच्या मुळाशी असलेल्या काळोखापासून पाण्यावरच्या चकाकीपर्यंतचे अंतर या पल्ल्याबाहेर सहज जाते. म्हणून एक तर पक्षी काळे ठिपके होतात, नाही तर पाणी जळून पांढरे सपाट होते.

यावरचा उपाय म्हणजे एचडीआर, हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे प्रकाशाचा मोठा पल्ला. एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन, पाच किंवा सात फ्रेमा घ्यायच्या आणि संगणकावर त्यांचे एक चित्र करायचे. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली अशा फ्रेमांवरून दृश्यातला खरा उजेड कसा काढायचा याचे गणित मांडले. २००५ च्या सुमारास ते फोटोशॉपसारख्या आज्ञावलींत आले. आता फोन ते न विचारताच करतो. आपण बटण एकदा दाबतो, तो लागोपाठ अनेक फ्रेमा घेतो आणि जुळवलेले चित्र हातात ठेवतो.

जुनी खटपट

हे सारे संगणकयुगाचे थेर आहे असे मानणारे शुद्धतावादी आपल्याकडे आहेत. त्यांनी इतिहासाकडे जरा पाहावे. एकोणिसाव्या शतकातल्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार हळव्या असत. जमीन नीट आली की आकाश कोरे पडे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे केली, त्यांतल्या काहींत आकाशाची एक निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी अशा दोन जोडून छापल्या.

मुंबईही यात मागे नव्हती. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. सोसायटीच्या संस्थापकांतला एक विल्यम जॉन्सन. त्याने मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे फोटोंचे पुस्तक १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत काढले. त्यात स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्या ठिकाणी टिपलेल्या पार्श्वभूमीवर बसवलेल्या आहेत. पाहणाऱ्याला वाटते की माणसे त्याच जागी उभी होती.

ल ग्रेचा जोड आणि जॉन्सनचा जोड यांत मात्र फरक आहे आणि तोच आज उपयोगी पडतो. ल ग्रेला जे डोळ्याला दिसत होते पण काचेला पेलत नव्हते ते परत आणायचे होते. जॉन्सनने जे एकत्र नव्हते ते एकत्र केले. जोडलेला फोटो म्हटला की खरा की खोटा एवढेच विचारणे म्हणून अपुरे आहे. कशासाठी जोडला आणि जोडल्याचे कळते का, हे विचारले पाहिजे. जॉन्सनच्या पुस्तकातला सांधा आज अभ्यासकांना दिसतो, कारण छापलेली प्रत हातात आहे आणि दोन उजेडांचा विसंवाद तिच्यावर उघड आहे. आजच्या एचडीआर फायलीत सांधा दिसत नाही. तो दिसायचा तर मूळ फ्रेमा हव्यात आणि बहुतेक वेळा त्याच आधी पुसल्या जातात.

एका नावाचे दोन अर्थ

एचडीआरवरची मराठीतली चर्चा बरीच निष्फळ होते, कारण एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आल्या आहेत.

पहिला एचडीआर जुना. मोठ्या पल्ल्याचे दृश्य पडद्याच्या किंवा कागदाच्या लहान पल्ल्यात दाबून बसवायचे. याला टोन मॅपिंग म्हणतात. सावली उचलायची, चकाकी खाली आणायची, मधले भाग ताणायचे. हाताला लगाम नसला तर ढग शिशासारखे होतात, पक्ष्यांभोवती उजळ कडे उमटते आणि चिखलाला चांदीचा मुलामा चढतो. मागच्या दशकात गणपतीच्या मिरवणुकांपासून सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत सगळ्यावर हा मुलामा चढला होता. त्याच्यावर झालेली टीका रास्त होती.

दुसरा एचडीआर नवा. त्यात दाबादाबी नाही. पडदाच जास्त उजळू शकतो असे गृहीत धरून चकाकीला चकाकीचाच उजेड द्यायचा. साध्या पडद्यासाठीचे एसआरजीबी हे मानक १९९६ मध्ये मांडले गेले तेव्हा ८० निट एवढा उजेड धरला होता. निट हे पडद्याच्या तेजाचे माप. २०१४ सालच्या पीक्यू या पद्धतीत १०,००० निटपर्यंतचा उजेड आकड्यांत लिहिता येतो. आजच्या चांगल्या फोनचे पडदे लहानशा भागात हजार निटच्या पुढे जातात. अशा पडद्यावर खाडीचा फोटो उघडला तर पाण्यावरची चकाकी खरोखर डोळ्याला लागते आणि पक्ष्याचा गुलाबी रंग मात्र मवाळ राहतो. पहिल्या एचडीआरचा दोष, सगळे एकाच पातळीवर ओरडणे, इथे उरत नाही.

तेव्हा पहिल्यावरची टीका दुसऱ्याला लावणे अन्यायाचे आहे. दुसऱ्याचा कच्चा दुवा निराळाच आहे. तो दिसायला सुंदर आणि टिकायला नाजूक.

लिपिकाराच्या चुका

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. त्या कामामागचे एक साधे तत्त्व असे की चुकांनाही वंशावळ असते. एका प्रतीत शिरलेली चूक तिच्यावरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत जाते. म्हणून चूक कुठे दिसते यापेक्षा ती कुठे प्रथम दिसते हे शोधायचे. एचडीआर फोटोचा दर्जा कुठे गेला हे शोधण्याची पद्धतही हीच. शेवटच्या प्रतीपाशी कपाळाला हात लावून बसण्यात अर्थ नाही. एकेक पायरी मागे जायचे, प्रत्येक पायरीवरची फाइल त्याच पडद्यावर शेजारी ठेवायची आणि पाठ पहिल्यांदा कुठे बदलला ते पाहायचे.

या शोधात पहिला संशयित पडदा. फाइल निर्दोष असूनही फोटो विझलेला दिसू शकतो. पडदा एचडीआर नसेल, फोन बॅटरी वाचवण्याच्या स्थितीत असेल किंवा पडद्याचा उजेड मुळातच शेवटपर्यंत वाढवलेला असेल, तर चकाकीला वर जायला जागाच उरत नाही. म्हणून निवाडा करण्यापूर्वी फाइल आधी जिथे नीट दिसत होती त्याच यंत्रावर पुन्हा उघडून पाहावी. तिथे नीट दिसली तर दोष वाचकाचा, पोथीचा नाही.

पडदा निर्दोष ठरला की लक्षणांवरून निदान करता येते. सहा लक्षणे पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिले, आकाशात किंवा धुक्यात पायऱ्या दिसतात. पहाटेच्या खाडीवर उजेड क्षितिजापासून वर हळूहळू बदलतो. कॅमेऱ्याची कच्ची म्हणजे रॉ फाइल चौदा बिटची असेल तर प्रत्येक ठिकाणच्या उजेडासाठी १६,३८४ पातळ्या असतात. जेपेगमध्ये दर रंगाला आठ बिट, म्हणजे २५६. साध्या पल्ल्याला त्या पुरतात. पण एकदा आठ बिटांत आलेले चित्र पुन्हा उघडून ताणले की मधल्या पातळ्या कुठून येणार? उतार मोडतो आणि जिना तयार होतो. याचा अर्थ कोणीतरी संपादनाच्या मधल्या टप्प्यावर जेपेग वापरले.

दुसरे, सगळे चित्र राखाडी आणि धूसर दिसते, जणू वर पातळ मलमल टाकली आहे. इथे उजेड गेलेला नाही, तो चुकीच्या लिपीत वाचला जातो आहे. पीक्यूमध्ये लिहिलेले आकडे एसआरजीबी समजून वाचले की असेच होते. मोडी मजकूर बाळबोध समजून वाचावा तसे. आकडे शाबूत असतात, त्यामुळे हे दुखणे बरे होणारे आहे. योग्य प्रोफाइल लावले की चित्र जागेवर येते.

तिसरे, उजेड ठीक पण गुलाबी फिकट, मातकट. रुंद रंगपल्ल्याची फाइल तिचे प्रोफाइल गळाल्यावर अशी दिसते. एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल सोबत बांधण्याची खूण राहिली, किंवा एखाद्या संकेतस्थळाने फाइल हलकी करताना ते कापले. साध्या फोटोत हे पटकन लक्षात येत नाही. रोहितांच्या फोटोत लगेच येते, कारण सगळा फोटोच गुलाबी रंगावर उभा असतो.

चौथे लक्षण सर्वांत फसवे. चित्र नीट, रंग नीट, बारकावे नीट, फक्त पाण्यावरची चकाकी मेलेली. यामागचे कारण समजायला फाइलची रचना पाहावी लागते. २०२३ साली अँड्रॉइड १४ बरोबर आलेल्या अल्ट्रा एचडीआरमध्ये, आणि त्याआधीपासून आयफोनच्या फोटोंत, एकाच फायलीत दोन गोष्टी असतात. एक साधे चित्र, जे कोणत्याही पडद्यावर दिसेल. आणि त्याला जोडलेले दुसरे, आकाराने बहुधा लहान, राखाडी चित्र. कोणत्या ठिकाणचा उजेड किती पटीने वाढवायचा हे ते सांगते. याला गेन मॅप म्हणतात. आपण त्याला उजेडाचा नकाशा म्हणू. नकाशा वाचणारा पडदा भेटला की चकाकी उमलते, न वाचणारा भेटला की साधे चित्र दिसते. कल्पना हुशारीची आहे. पण हा नकाशा न ओळखणाऱ्या एखाद्या जुन्या आज्ञावलीत फोटो उघडला, कडेचा विजेचा खांब कापला आणि पुन्हा साठवला, तर ती आज्ञावली साधे चित्र लिहिते आणि नकाशा टाकून देते. इशारा येत नाही. फाइल उघडते, नाव तेच असते. पोथीतला मजकूर उतरवून घ्यावा आणि समासातली टीप सोडून द्यावी तसे हे. आणि या पोथीत अर्धा अर्थ समासात आहे.

याच लक्षणाचे दुसरे कारण एक्स्पोर्टच्या खिडकीत असते. लाइटरूममध्ये २०२३ च्या अखेरीपासून एचडीआर संपादनाची सोय आहे, पण एक्स्पोर्ट करताना एचडीआरची खूण वेगळी करावी लागते. ती राहिली तर बाहेर येते ती साधी आवृत्ती. तासभर बसून घडवलेला उजेड संपादनाच्या पडद्यावरच राहतो.

पाचवे, सूर्याजवळ सपाट पांढरा डाग, ज्यात कितीही शोधले तरी काही सापडत नाही. हे कापले गेलेले टोक. ते मूळ फ्रेमेतच कापलेले असू शकते किंवा पल्ला दाबताना कापले गेले असू शकते. सर्वांत कमी उजेडाची फ्रेम उघडून पाहिली की उत्तर मिळते. तिच्यात ढगाची कड दिसत असेल तर दोष नंतरचा. ती फ्रेमच पुसली असेल तर उत्तरही पुसले गेले.

सहावे, पंखांच्या कडेला किडे आणि चौकोन. १९९२ चे जेपेग मानक चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून प्रत्येकातला बारीक तपशील घासून टाकते. शिवाय रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने ठेवण्याची त्यात सोय आहे आणि बहुधा ती वापरली जाते. मग चार टिंबांना मिळून एकच रंग मिळतो. चॅटमधून पाठवलेला फोटो आणखी लहान केला जातो. कॅमेऱ्यातून आलेली २५-३० एमबीची रॉ फाइल शेवटच्या मुक्कामी काही शे केबीची उरते, आणि सोबतची तारीख, वेळ, लेन्स ही माहितीही वाटेत गळते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. एवढी साधी गोष्टही फारसे कोणी करत नाही.

आकडा आणि चोच

फोटो जरा मंद दिसला म्हणून कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारेल. कौतुकासाठी पाठवलेल्या फोटोचे काहीच बिघडत नाही. पण भांडुपच्या काठावरचा फोटो कौतुकाची वस्तू आहे तशीच साक्षही आहे.

खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात, लहान आणि मोठा. लहान रोहिताची चोच गडद तांबडी, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. सकाळी भांडुपहून पाहिले तर दोन्ही चोची सूर्याच्या पुढ्यात काळ्या पडतात. सावलीतला तो थोडासा रंग टिपला आणि टिकवला तरच जात सांगता येते. आठ बिटांत दाबलेल्या आणि रंग घासलेल्या प्रतीत ती सांगता येत नाही. पिसांचा गुलाबीही नुसता नटवा नव्हे. तो अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. पिल्ले करडी असतात, वय आणि आहार यांप्रमाणे रंग बदलतो. फोटोतला गुलाबी प्रोफाइल गळाल्यामुळे फिकट झाला की पक्षीच फिकट होते, हे वीस वर्षांनी केवळ फाइल पाहून कोण सांगणार? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत घातलेल्या कड्यांचेही तसेच. कड्यावरची खूण दोन-चार टिंबांच्या तपशिलावर वाचली जाते आणि जेपेग पहिला घाला त्याच तपशिलावर घालते.

मोजणीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. एचडीआर जुळवताना तीन फ्रेमांच्या मधल्या काळात थवा हलतो. आज्ञावली मग एक तर अर्धपारदर्शक भुते दाखवते, नाही तर भुते काढण्यासाठी चित्राचा तो भाग एकाच फ्रेमेतून घेते. कोणता भाग कुठल्या फ्रेमेतून आला हे तयार चित्रात लिहिलेले नसते. अशा चित्रावरून पक्षी मोजले तर एक पक्षी दोनदा मोजला जाईल किंवा दोन पक्ष्यांतला एक गाळला जाईल. सुंदर फोटो आणि मोजण्याजोगा फोटो या वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे न जुळवलेल्या फ्रेमा.

आणि हे आत्ताच का सांगायचे? मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. त्याच वर्षी मुलुंड, कांजूरमार्ग आणि भांडुप इथली मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातल्या घरांसाठी देण्याचे निर्णय झाले. घरे हवीत की मिठागरे हा वाद इथे सोडवायचा नाही. पण तो वाद ज्या कोणाला पुढे करायचा असेल त्याला पूर्वीची जागा कशी होती, पाणी कुठवर येत होते, पक्षी कुठे उतरत होते हे दाखवावे लागेल. फोटो म्हणून पुढे केलेली वस्तू चौथ्या हातची, तारीख गळालेली आणि रंग उडालेली असली, तर समोरचा पहिल्याच वाक्यात ती मोडून काढील. ते योग्यही ठरेल.

जतन म्हणजे काय

आपल्याकडे जतन म्हणजे साठवण असा समज आहे. ड्राइव्हवर आहे ना, मग झाले. मूकपटांच्या बाबतीत असेच झाले. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले आज बोटांवर मोजण्याइतके, तेही बरेचसे अपुरे, उरले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघेपर्यंत पुष्कळ काही गेले होते. तरी नायट्रेट फिल्मचा एक गुण होता. ती सडली की वास येई, चिकट होई, डबा उघडताच नाश दिसे. नकाशा गळालेली एचडीआर फाइल सडल्यासारखी दिसत नाही. ती ठणठणीत उघडते. म्हणून तिचा नाश शोधायला मुद्दाम बसावे लागते.

व्यवहारात तीन थर ठेवले तर बहुतेक हानी टळते. सर्वांत खाली मूळ, कॅमेऱ्यातून आलेल्या सगळ्या रॉ फ्रेमा किंवा फोनची मूळ फाइल, ज्यांना कधीही उघडून साठवायचे नाही. त्यावर संपादित मुख्य प्रत, सोळा बिट किंवा त्याहून अधिकची टिफ, प्रोफाइल बांधलेली. इथे एक सावधगिरी हवी. सोळा बिट म्हणजे आपोआप एचडीआर नव्हे. उजेड आधीच कापून मग सोळा बिटांत ठेवला तर मोठ्या पातेल्यात वाटीभर आमटी ठेवल्यासारखे होते. सर्वांत वर वाटपाच्या प्रती. त्या जेपेग असोत, लहान असोत, हरवल्या तरी हरकत नाही. फक्त त्यांच्यावरून पुन्हा प्रत काढायची नाही.

यातली जागेची अडचण खरी आहे. २४ मेगापिक्सेलच्या पाच रॉ फ्रेमा मिळून सव्वाशे ते दीडशे एमबी होतात, दाबून न ठेवलेली सोळा बिटची टिफ आणखी १४४ एमबी. एका सकाळी दोनशे दृश्ये टिपणाऱ्याला सगळे ठेवणे परवडणार नाही. त्यावर उत्तर निवडीचे आहे. दोनशेंतली दहा ठेवावीत, पण मुळासकट. दोनशेच्या दोनशे उतरत्या प्रती ठेवण्यापेक्षा त्याला अर्थ आहे. ठेवलेल्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम छायाचित्रकारांत रूढ आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. ज्या शहराने तो दिवस पाहिला त्याला 'घराबाहेर' या शब्दाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, एका यादीत ठेवला तर पुढे एकही बिट बदलला तरी कळते.

आणि सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, साध्या मजकुराची एक टीप. तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, किती फ्रेमा, कोणत्या आज्ञावलीत जुळवल्या, उजेड पीक्यूत लिहिला की आणखी कशात, नकाशा आहे की नाही. गेन मॅपचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २१४९६-१, आता आले आहे. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या फायली एकमेकांना कळू लागतील. पण मानक येण्यापूर्वी निघालेल्या लाखो फायली जशा आहेत तशाच राहणार आणि त्या वाचायला टीपच उपयोगी पडेल.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या हाती निदान जुन्या पोथ्या होत्या, ज्यांवरून मागे जाता येत होते. आपल्या फोटोंच्या भावी संशोधकाकडे काय असेल, हे आज पंपिंग स्टेशनहून परतलेला माणूस कार्ड रिकामे करताना ठरवत असतो. छायाचित्रांच्या स्पर्धांनी आणि प्रदर्शनांनी निवडलेल्या फोटोबरोबर मूळ फ्रेमा आणि टीप मागायला सुरुवात केली, आणि उपनगरांतल्या ग्रंथालयांनी स्थानिक छायाचित्रांचा असा एकेक संग्रह सांभाळायला घेतला, तर ही सवय लवकर लागेल. दिवाळी अंकाच्या पानावर हा उजेड उतरणार नाही, कारण चांगल्या गुळगुळीत कागदावरही पांढरा काळ्याच्या सुमारे शंभर पट उजळ, म्हणजे साडेसहा-सात स्टॉप, एवढाच पल्ला बसतो. छापील पान ही शेवटी वाटपाची प्रत. तिच्यामागे मूळ जपलेले असले तर तेवढ्यावर तिचे भागते.